चार सूत खोल

माघ सरत आला की गच्चीवर
सकाळी स्वेटर, दुपारी बनियन असा कारभार.
बावड्याकडून वारा फिरला
तर गुऱ्हाळाचा वास येतो, शेवटच्या आदणांचा.
आठ-पंधरा दिवसांत चुलवाणं विझतील.
मग आपली पाळी.

रंगाचे बारा डबे,
मासेवाल्यानं दिलेली थर्माकोलची चार खोकी,
एक कानफुटकं पिंप.
तळाला भोकं पाडतो, दहाचं ड्रिल, सारख्या अंतरावर.
पोरगी म्हणते, पप्पा, तिथं कोण मोजायला येणाराय?
न येईना.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा होतो,
या हाताला वाकडं भोक जमत नाही.

गेल्या सालची माती पत्र्यावर उलथली.
निघालं काय काय:
टोमॅटोच्या मुळ्यांची जाळी, मांज्याचा गुंता,
कुणाची तरी हिरवी गोटी,
आणि दोन गांडुळं, उजेडाला बिचकलेली.
त्यांना आधी सावलीत नेलं.
बाकीच्यांनी उन्हं खात पडावं.

पलीकडच्या गच्चीवरनं शकीला बागवान ओरडल्या,
भेंडीची घाई करू नका हो,
शिवरात्र होऊ दे, थंडीचं बूड अजून हललं नाही!
त्यांच्या तीन पिढ्या भाजीवर जगल्या.
मी भेंडीची पुडी परत खिशात घातली.

वडणग्याहून शेणीची दोन पोती आणलेली.
रिक्षावाल्यानं नाक मुरडून वीस रुपये जास्त घेतले.
एक फोडून चुरायला बसलो
तोवर तालमीची पोरं जिना चढून वर.
काका, होळीला यंदा पाचच शेणी लावणार,
बाकी सगळ्या स्मशानाला देणार.
तुमच्याकडं पोती दिसली.

मी म्हटलं, बाबांनो, ह्या मातीत घालायच्यात.
त्यातला बारका, ओठावर नुकती लव आलेला,
म्हणाला, त्याबी मातीतच जाणार की, काका.
चेष्टा करत नव्हता.

नेमगोंडा गेला तेव्हा दिवाळीचे आकाशकंदील
अजून उतरवले नव्हते लोकांनी.
माझ्या शेजारच्या लेथवर बावीस वर्षं.
पंचगंगेच्या काठी कुणी पैसे मागितले नाहीत,
कुणी नाव विचारून शेणी रचल्या नाहीत.
कुठल्या पेठेच्या होत्या, कुठल्या गोठ्याच्या,
काय माहीत.
मी मोजल्या नाहीत.
आयुष्यात तेवढंच एक काम मी न मोजता पाहिलं.

न फोडलेलं पोतं पोरांनी खाली नेलं.
पायरी-पायरीवर भुगा सांडत गेला.
तो मी केरसुणीनं गोळा केला.
तो माझा.

आता मिश्रण: दोन घमेली माती,
एक चिपाडाचा कुजलेला भुसा,
आणि शेणीचा चुरा, उरला तेवढा.
कमी पडला असं वाटलं,
मग आठवलं नेमगोंडाचं बोलणं.
गवारीला लाड चालत नाहीत, गड्या.
खत जास्त झालं की नुसती माजती,
पानं दावती, शेंग दावत न्हाई.

त्याच्या रुकडीच्या रानातलं बी
बेअरिंगच्या खोक्यात दिलं होतं त्यानं,
सहा हजार दोनशे तीन नंबरच्या.
तेव्हा मी हसलो होतो,
गवारीला बॉल बेअरिंग कशाला म्हणून.
आज झाकण उघडलं तर ग्रीसचा वास,
आणि तळाशी करड्या बिया, मूठभर सुद्धा नाहीत.

बोटाच्या पेरावर खूण आहे माझी, जुनी,
पट्टी जवळ नसेल तेव्हाची.
चार सूत खोल.
एक बी, वीतभर जागा, एक बी.
वरून माती अंगठ्यानं दाबली,
जॉब चकात बसलाय का बघतात
तशी, थोडी हलवून.

पाणी सातला येतं नळाला.
अजून पाऊण तास आहे.
स्वेटर घालावा आता.
एक बी खोक्याच्या कोपऱ्यात ग्रीसला चिकटलंय,
नखानं निघत नाही.